कोबीवरचा दगड

लेनिनग्राद, १४ मे १९८७

तैसियावन्सं,

तुम्हाला नमस्कार, प्रोखोरभावोजींना नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्याला या उन्हाने थोडं बरं वाटू दे.

वेन्या होता तेव्हाची एक सकाळ आज सारखी आठवते आहे. खास काहीच नव्हतं. मी किटली गॅसवर चढवली, खिडकीच्या फटीत कागद खोचला आणि आंबवायला घातलेल्या कोबीच्या पिंपाकडे वळले. दगड उचलला, बशी उचलली, लाकडी काडीने कोबी तळापर्यंत टोचला, म्हणजे आतली हवा निघून जाते. दगडावर उकळतं पाणी ओतलं, पुसला, पुन्हा बशी, पुन्हा दगड. वेन्या टेबलाशी बसून बूट घालत होता. म्हणाला, "हळू ठेव. राजवाड्यासमोरचा माल आहे." मी म्हटलं, "राजवाड्यासमोरचा असो नाहीतर राजवाड्यातला, कोबीला त्याचं काय." "कोबीला कळतं," तो म्हणाला, "म्हणून तर कुरकुरीत होतो." मग बुटांच्या नाड्या बांधल्या आणि कामावर गेला. एवढंच.

कोबीवरून आठवलं. ऑक्टोबरमध्ये तुम्ही नेलेलं पिंप कसं आहे? कोबी संपला असेल. रिकामं झालं असेल तर घासून उन्हात ठेवा, नाहीतर वास धरतं. दगडही तिथेच असेल ना? सहज विचारलं.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही दोघं त्रोइत्सा सणाच्या आदल्या शनिवारी, पितरांच्या दिवशी येताय हे चांगलं झालं. मी पलंग तुम्हाला देईन आणि भावोजींना खाट. वेन्याच्या कबरीवर दगड बसला का, असं तुम्ही विचारलंत, आणि ग्रॅनाइट खांद्याइतका उंच हवा, त्यावर खलाशाच्या टोपीतला फोटो हवा, असंही लिहिलंत. त्याबद्दल लिहितेच. पत्राच्या अगदी खाली तुम्ही लिहिलंय की भावोजी मागच्या अंगणातल्या वाफेच्या न्हाणीची भट्टी नव्याने बांधताहेत आणि कोबीवरचा काळा दगड त्यांच्या डोळ्यांत भरलाय. ते वाचून माझ्या हातातला चमचा खाली पडला. पण त्याचं नंतर.

आधी इकडची हालहवाल. हिवाळ्यापासून मी वाचनालयात जाते आहे. ट्राम वळसा घालून जाते, पण तिच्यात बसायला जागा मिळते. हसू नका, मी राजवाड्यासमोरच्या चौकाबद्दल जे मिळेल ते वाचते आहे. नवऱ्याने आयुष्यभर सांगितलेल्यातलं खरं किती आणि थाप किती, हे मला एकदा तपासायचं होतं. तो असताना तपासलं असतं तर भांडण झालं असतं. आता शांतपणे तपासता येतं.

तुम्हाला माहीत आहे, दहा वर्षांपूर्वी चौकातलं डांबर उखडून पुन्हा दगड बसवले, तेव्हा वेन्या त्या टोळीत होता. उन्हाळाभर गुडघ्यांवर. शेजारून पाहुण्यांचे घोळके जायचे, माहिती सांगणाऱ्या पोरी जोरात बोलायच्या. वेन्याच्या कानावर गोष्ट अर्धी पडायची तोवर घोळका पुढे जायचा. उरलेली अर्धी तो हातातला दगड बसेपर्यंत स्वतः तयार करायचा. त्यामुळे त्याची प्रत्येक गोष्ट अर्धी खरी असायची, फक्त कुठली अर्धी ते सांगता येत नसे.

उदाहरणार्थ, हिवाळी राजवाडा हिरवा का? वेन्या म्हणायचा, रेल्वेच्या डब्यांचा रंग उरला होता म्हणून. हे मला कायम पटलं होतं, कारण आपल्याकडे असंच होतं. तर ही निव्वळ थाप. राजवाडा आधी फिका पिवळा होता, शेवटच्या झारच्या वेळी विटेसारखा लाल, भिंती लाल, खांब लाल, गच्चीवरचे पुतळेसुद्धा लाल. हिरवा झाला तो युद्धानंतर. रेल्वेचा उल्लेख कुठेही नाही. मी तीन पुस्तकं बघितली.

समोरची ती लांबच लांब वाकलेली इमारत तुम्हाला आठवत असेल, मधे कमान आणि कमानीवर घोड्यांचा रथ. वेन्या सांगायचा की ती एक कमान नाही, एकामागे एक आहेत, कारण मागून येणारा रस्ता तिरका येतो. रस्ता सरळ करायचा तर घरं पाडावी लागली असती. म्हणून एक कमान रस्त्याकडे तोंड करून बांधली, दुसरी राजवाड्याकडे, आणि वाकडेपणा मधल्या मधे लपवला. चालणाऱ्याला वाटतं आपण सरळच चाललोय. हे पुस्तकात अगदी असंच आहे. "ताईशी बोलताना मी हेच करतो," असं वेन्या म्हणायचा. जाऊ दे, ते तुम्हाला कशाला सांगतेय.

कमान बांधून झाली तेव्हा लोक म्हणाले, एवढी रुंद टिकायची नाही. तेव्हा वास्तुकार मजुरांना घेऊन कमानीवर चढून उभा राहिला म्हणे, पडली तर मीही पडेन म्हणून. पुस्तक म्हणतं ही दंतकथा असावी. वेन्याला दंतकथेचं काही नव्हतं. तो एवढंच विचारायचा, "मजुरांना कुणी विचारलं होतं का?"

चौकाच्या मधोमध असलेल्या खांबाचंही तसंच. लाल ग्रॅनाइटचा अखंड खांब, आणि तळाशी ना खिळा ना सळई. स्वतःच्या वजनावर नुसता उभा. नवा होता तेव्हा शहरातल्या बड्या घरच्या बायका गाडीवानाला सांगायच्या, चौकातून नको, बाजूने घे. लोकांची भीती जावी म्हणून तो खांब उभारणारा फ्रेंच वास्तुकार रोज कुत्र्याला घेऊन खांबाखाली फिरायचा, अगदी म्हातारपणापर्यंत, असं सांगतात. त्या वळसा घालणाऱ्या बायकांना मी फार हसायचे. वेन्याने मला कुत्र्याचं नावही सांगितलं होतं. नाव कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

आणि जी गोष्ट मी शंभर टक्के थाप धरली होती ती ऐका. वेन्याचं म्हणणं, खांबाच्या चबुतऱ्याखालच्या चुन्यात वोडका आहे. मी म्हणायचे, तुझ्या प्रत्येक गोष्टीत वोडका कुठून येते रे. तर वन्सं, आहे. वास्तुकाराने स्वतःच लिहून ठेवलंय. काम भर थंडीत चाललं होतं, चुना गोठू नये म्हणून त्यात वोडका मिसळली, आणि दहावा हिस्सा साबण, म्हणजे वरचा अवजड दगड सरकवून नीट जागेवर आणता यावा. मी आयुष्यभर धोबीखान्यात काम केलं, साबणाची अशी थोरवी मला कुणी सांगितली नव्हती. वाचनालयात मी इतक्या मोठ्याने हसले की तिथल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"काही नाही हो," मी म्हटलं. "नवऱ्याची माफी मागतेय."

"मग घरी जाऊन मागा," त्या म्हणाल्या. "इथे लोक वाचताहेत."

घरी कोण आहे, हे त्यांना कसं माहीत असणार.

वोडका आणि साबण. आमचा संसारही त्याच चुन्यावर उभा होता म्हणायचा.

खांबाच्या टोकावर देवदूताचा पुतळा आहे, त्याबद्दल मात्र लिहीत नाही. त्याचा चेहरा झारसारखा आहे असं पुस्तक म्हणतं. वेन्याचं मत वेगळं होतं, पण ते तुम्हाला आवडायचं नाही.

आता चौक साफ कसा झाला ते सांगते, म्हणजे आपण मुद्द्यावर येऊ. राजवाडा बांधून झाला तेव्हा समोरची सगळी जागा मजुरांच्या झोपड्या, फळ्या, विटा आणि दगडांच्या ढिगांनी भरली होती. ईस्टर तोंडावर आलेला, हलवायचं कसं हा प्रश्न. तेव्हा कुणीतरी सुचवलं आणि झार तिसऱ्या पीटरने जाहीर करून टाकलं की ज्याला जे हवं ते फुकट घेऊन जावं. सगळं शहर हातगाड्या घेऊन धावलं. दिवस मावळेपर्यंत चौक झाडून काढल्यासारखा. ही गोष्ट वेन्याची फार लाडकी होती, आणि पुस्तकातही आहे. तो विचारायचा, "ती परवानगी नंतर कुणी मागे घेतली का? क्रांती झाली, हजार हुकूम निघाले, पण याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही." असं म्हणून कामाच्या शेवटच्या दिवशी त्याने उरलेला एक दगड हत्यारांच्या पिशवीत घातला आणि ट्रॉलीबसने घरी आणला. काळा, काळ्या पावाच्या लादीएवढा. त्याच हिवाळ्यात मी तो कोबीवर ठेवला.

आता तुमच्या लक्षात आलं असेल.

नसेल आलं तर सरळ लिहिते. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी वेन्याला सूप भरवत होते. शेजारच्या खाटेवरचा माणूस त्याच्या वडिलांच्या कबरीवरच्या संगमरवराचं कौतुक सांगत होता. वेन्या म्हणाला, "रिम्मा, माझ्यावर तो कोबीचा दगड ठेव. दुसरं काही नको. फोटो तर नकोच, टोपीत मी वाटाण्याच्या शेंगेसारखा दिसतो." मी विचारलं, "आणि कोबीवर काय ठेवू?" "पाण्याची बरणी ठेव." आम्ही दोघं हसलो. मग त्याला खोकला आला आणि नर्स आली. त्यानंतर आमचं असं काही बोलणं झालं नाही.

ऑक्टोबरमध्ये तुम्ही वर्षश्राद्धाला आलात तेव्हा मी हे सांगणार होते. पण तुम्ही ग्रॅनाइटचा विषय काढलात, मी 'बघू' म्हटलं, तुम्ही रडलात, आणि मग स्टेशनवर जायची वेळ झाली. तुमचा राग जावा म्हणून मी म्हटलं, थोडा कोबी घेऊन जा. मला वाटलं तुम्ही डबाभर घ्याल. तुम्ही पिंपच उचललंत. मी दगडाला हात घातला तर म्हणालात, "दगड काढू नको, वाटेत कोबी वर येईल आणि काळा पडेल." बरोबरच होतं. आंबत्या कोबीवरचा दगड कोण काढतं? मीही काढला नसता. तेव्हा मी फलाटावर उभी राहून माझ्या नवऱ्याच्या कबरीचा दगड वोलोग्दाच्या गाडीत चढताना पाहिला आणि हात हलवला.

ग्रॅनाइट मिळत नाही, पाथरवट पितो, माती अजून बसली नाही, असं मी जे जे लिहीत आले ते सगळं यासाठी.

तर वन्सं, दोन विनंत्या. भावोजींना सांगा, तो दगड भट्टीत घालू नका. असे काळे दगड वाफेला उत्तम असतात, मला माहीत आहे, म्हणूनच घाबरले आहे. आणि येताना तो घेऊन या. जागा तुमच्या आईची आहे, वेन्या तिच्या कबरीच्या कुंपणात निजलाय, तुमच्या होकाराशिवाय मी तिथे गवताची काडीही रोवणार नाही. पण त्याने मागितलेली ही शेवटची गोष्ट आहे, आणि मी ती रेल्वेने पाठवून बसले आहे.

आधी तारच करणार होते. पोस्टाच्या खिडकीतल्या मुलीने मजकूर वाचला, 'नवऱ्याचा दगड भट्टीत घालू नका', आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की मी कागद परत घेतला.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुमची भावजय
रिम्मा


वोलोग्दा, २२ मे १९८७

रिम्मा,

तुझं पत्र आलं. चार पानं. दगड चौथ्या पानावर. ऑक्टोबरमध्येच एका ओळीत सांगितलं असतंस तर बरंच काही टळलं असतं.

दगड भट्टीत गेला होता. मे दिनाच्या आधीच गेला होता. प्रोखोर म्हणाला, असा दगड अख्ख्या गल्लीत कुणाकडे नाही, पाणी ओतलं की तडतड न करता मऊ वाफ देतो. त्याने शेजाऱ्यांनाही बोलावून वाफ दाखवली. सगळे अंगावर झोडायच्या बर्चच्या जुड्या घेऊन आले, लाल होऊन गेले, दगडाची तारीफ करत गेले. तुझं पत्र तोच मोठ्याने वाचत होता. 'माझ्यावर तो कोबीचा दगड ठेव' इथे आला आणि त्याने पत्र टेबलावर ठेवलं.

मग म्हणाला, "म्हणजे मी वेन्याच्या..."

मी म्हटलं, "हो. गल्लीसकट."

तेव्हापासून तो अंगणातल्या नळाखाली आंघोळ करतो.

भट्टी निवल्यावर दगड मी स्वतः काढला. तडा गेलेला नाही. एका अंगाला काजळी धरली होती, ती राखेने घासली. आता माझ्या पलंगाखाली आहे, फडक्यात गुंडाळून. प्रोखोर त्या बाजूला झोपत नाही.

आता माझं ऐक. माझा भाऊ मांजर नव्हता पावाएवढ्या दगडाखाली पुरायला. शेजारच्या कबरींवर लोकांनी काय काय उभारलंय ते तू पाहिलंस. ग्रॅनाइटचा हट्ट मी सोडते, कारण त्याने तोंडाने सांगितलं आणि तू असल्या बाबतीत खोटं बोलणार नाहीस. पण फोटो लागेल. मी तो इनॅमलवर करून घेतला आहे, चांगला मोठा, अंडाकृती, टोपीतला. शेंगेसारखा दिसतो म्हणे. तो आरमारात होता तेव्हा आई तो फोटो उशाखाली घेऊन झोपायची. दगडावर फोटो बसेल तरच दगड बसेल. नाहीतर दगड परत भट्टीत, आणि प्रोखोर आयुष्यभर नळाखाली.

आणखी एक. तू वाचनालयात ट्रामने का जातेस? मी त्या शहरात जन्मले आहे, मला शिकवू नको. ट्रॉलीबस सरळ चौकाला लागून जाते, ट्राम अर्ध्या शहराला वळसा घालते, आणि सकाळच्या ट्राममध्ये बसायला जागा मी तरी कधी पाहिली नाही. चार पानं तू चौकाबद्दल लिहिलीस, सगळं शेदोनशे वर्षांपूर्वीचं. आज तिथे काय आहे याची एक ओळ नाही. वेन्या गेल्यापासून तू तिथे पाऊल टाकलेलं नाहीस.

मी तुला बोल लावत नाही. मी रविवारी संध्याकाळी अजून फोनजवळ बसते. त्याचा फोन रविवारी यायचा.

देवदूताबद्दल काय म्हणाला होता तो? लिही. मला राग येणार नाही.

तैसिया
(अजून तरी तुझी वन्सं)


लेनिनग्राद, ११ जून १९८७

तैसियावन्सं,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कळलं. भावोजींची टोपी इथेच राहिली आहे, तिच्यात मी कांदे ठेवलेले नाहीत, त्यांनी काळजी करू नये.

शनिवारचं सगळं लिहून ठेवते आहे. तुम्ही तिथे होतात, पण भावोजी वोलोग्दाला जाऊन काहीतरी भलतंच सांगतील आणि मग तेच खरं होईल. या घराण्याची ती रीतच आहे.

तर आपण गेलो, निळं कुंपण उघडलं, तुम्ही आईंच्या क्रुसाला बर्चची डहाळी बांधलीत. भावोजींनी वाळू पसरली आणि वेन्याच्याच लाकडी हातोड्याने दगड ठोकून बसवला. दगडाकडे ते सरळ बघत नव्हते. ठोकताना मधेच हळूच म्हणाले, "माफ कर रे, वेन्या. वाफ मात्र फार छान होती." मी ऐकलं. तुम्हीही ऐकलंत, पण तुम्ही नाक पुसत होतात.

मग तुम्ही पिशवीतून फोटो काढलात, कागद सोडवलात आणि दगडावर धरलात. फोटो दगडापेक्षा मोठा.

तुम्ही तो आडवा धरून पाहिलात. मग तिरका. वेन्या आधी निजला, मग घसरल्यासारखा दिसायला लागला.

भावोजी म्हणाले, "दोन्ही टोकांना थोडा बाहेर राहील. त्याला काय होतं."

"तू गप्प बस," तुम्ही म्हणालात.

तुम्ही शब्दाच्या पक्क्या, म्हटलं आता दगड उपटून पिशवीत घालणार आणि सरळ स्टेशनचा रस्ता धरणार. तुम्ही बाकावर बसलात. फोटोकडे बघितलंत, मग दगडाकडे. मग वाकून दगडावर तळवा ठेवलात आणि सगळा भार टाकून दाबलात. हलला नाही.

"बरा बसलाय," तुम्ही म्हणालात. आणि थोड्या वेळाने, "टोपीत शेंगेसारखाच दिसतो, मेला."

मग भावोजींना म्हणालात, "आईच्या क्रुसावर लाव. तिच्याजवळच होता ना तो फोटो. तिच्याकडेच राहू दे."

भावोजींनी खिशातून स्क्रू काढले आणि फोटो आईंच्या नावाखाली बसवला. तुम्ही वोडकाचा छोटा पेला भरून दगडावर ठेवलात, पेल्यावर काळ्या पावाचा तुकडा. पेला अगदी सपाट बसला. वेन्याने दगड बसवला की सपाटच बसायचा, आणि भावोजींनी बसवला तरी बसला, म्हणजे दगडाला सवय झाली असेल. एवढंच मला त्या वेळी सुचलं. तुम्ही माझं डोकं तुमच्या खांद्यावर घेतलंत त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

मंगळवारी मी पाणी घालायला गेले होते. पलीकडच्या कबरीवर एक म्हातारी तण उपटत होती. बराच वेळ आपल्या कुंपणात बघत राहिली. क्रुसावर लिहिलंय मार्फा सेम्योनोव्ना, आणि खाली खलाशाच्या टोपीतला, मिशीवाला वेन्या.

"सासूबाई का तुमच्या?" तिने विचारलं.

"हो."

"कुठल्या आरमारात होत्या?"

मी म्हटलं, "बाल्टिक."

"वाटलंच," ती म्हणाली. "चेहऱ्यावरच करारीपणा आहे." आणि जाताना तिने आईंच्या कबरीसमोर वाकून नमस्कार केला. खोटं बोलताना मला काडीचाही त्रास झाला नाही. मी फक्त अर्धीच गोष्ट सांगितली, उरलेली तिने स्वतः तयार केली. वेन्याची पद्धत चांगली आहे.

दगडाजवळ मी थोडा वेळ बसले. तुम्ही ठेवलेला पेला रिकामा होता. चिमण्या वोडका पीत नाहीत, तेव्हा पहारेकऱ्यावर माझा संशय आहे. पण वेन्याला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता ते तुम्हाला माहीत आहे.

आता देवदूताचं. राग यायचा नाही असं तुम्ही लिहून दिलं आहे, तो कागद माझ्याजवळ आहे. वेन्या म्हणायचा, झारचा चेहरा वगैरे सगळी पुस्तकातली बडबड. तो देवदूत म्हणजे हुबेहूब आमची ताई. मान खाली घालून सगळ्या चौकावर नजर, एक हात वर, बोट उचललेलं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगतेय, 'पाय पुसून या.' उन्हाळाभर दगड बसवताना तो सकाळी वर बघून म्हणायचा, "पुसले गं, ताई." टोळीतल्या सगळ्यांना सवय लागली होती. ते सगळे वर बघून म्हणायचे. मला ही थापच वाटायची. ही गोष्ट तपासायला पुस्तक नाही.

तुमचं ट्रामबद्दलचं बरोबर होतं. स्टेशनवर तुम्ही तो विषय काढाल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तुम्ही काढला नाहीत. गाडी सुटताना फक्त बोट वर केलंत, खिडकीतून, का ते मला कळलं नाही. कदाचित पिशवी सांभाळ म्हणत असाल.

कबरीवर पाणी घालून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी किटली उतरवली, खिडकी लावून घेतली आणि ट्रॉलीबसमध्ये बसले. चौकाच्या कडेला, जिथे डांबर संपून दगड सुरू होतात, तिथे उतरले. वर पाहिलं. मग पाय पुसले आणि आत गेले.

तुमची,
रिम्मा